मॅडम, सात नंबर दाखवा

मित्रांनो, मी बुटांच्या दुकानातलं एक जुनं, ठेंगणं स्टूल आहे. वर बसायला गादी, पुढे एक उतरती फळी. गिऱ्हाइकानं फळीवर पाय ठेवायचा आणि विक्रेत्यानं माझ्यावर बसून त्या पायात बूट चढवायचा. माझा रुबाब म्हणाल तर एवढाच.

एका सुतारानं मला उरल्यासुरल्या लाकडातून घडवलं. पुढे एकतीस वर्षं एकच माणूस माझ्यावर बसला. त्यांना सगळे अंगठेवाले म्हणत, कारण बुटाच्या टोकावर अंगठा दाबून ते नंबर अचूक सांगत. त्यांचं कौतुक झालं की मीही आतल्या आत फुगायचो. ते निवृत्त झाले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. गादी फाटली, एक पाय डुगडुगू लागला.

एक आठवण सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. अंगठेवाल्यांची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. एकदा ती मैत्रिणीबरोबर आणि मैत्रिणीच्या आईबरोबर दुकानात आली.

"तुझे बाबा काय करतात गं?" त्या बाईंनी सहज विचारलं.

"मॅनेजर आहेत. दुसऱ्या दुकानात."

बाबा तेव्हा माझ्यावरच बसून त्या मैत्रिणीच्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाडी मात्र दोनदा सुटली. मी जरा उंच असतो तर पोरीला बापाची लाज वाटली नसती, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

गेल्या सोमवारी तीच मुलगी या दुकानाची मॅनेजर म्हणून रुजू झाली. सगळ्यांच्या आधी आली. आरशासमोर उभं राहून छातीवरचा बिल्ला चार वेळा सरळ केला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "जमेल ना गं तुला?" तिनं आरशालाच विचारलं. मग तिची नजर माझ्यावर पडली. तिनं चटकन मला उचललं आणि आतल्या खोलीत रिकाम्या खोक्यांमागे सारलं.

"बरं दिसत नाही," ती पुटपुटली.

दुपारी मुख्य कचेरीचे साहेब तिला काम समजावत होते, आणि नेमके अंगठेवाले दारात. पोरीचा पहिला दिवस, त्यांना घरी बसवेना. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात झिजलेल्या चपला. खोक्यांच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

"कोण, ओळखीचे का?" साहेबांनी विचारलं.

ती पुन्हा छातीवरचा बिल्ला सरळ करू लागली. मग बाबांनीच तिची सुटका केली. अगदी परक्या माणसासारखे म्हणाले, "मॅडम, सात नंबर दाखवा. काळे."

ती मान खाली घालून आत आली. सात नंबरचा खोका काढला, आणि वळताना मी दिसलो. ती तिथंच थबकली. कानापर्यंत लाल झाली. "दुसऱ्यांदा," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा तेच केलं मी."

एका हातात खोका, दुसऱ्या हातात मी. बाबांसमोर मला ठेवून ती बसली. मी डुगडुगलो, पण तिला पडू दिलं नाही.

"बाबा, पाय ठेवा."

"अगं, राहू दे. साहेब बघताहेत."

"बघू देत. साहेब, हे माझे बाबा. एकतीस वर्षं याच स्टुलावर बसले. आणि मी..." तिनं खोका उघडला.

बूट चढवून ती नाडी बांधू लागली. दोनदा सुटली. मग तिनं बुटाच्या टोकावर अंगठा दाबला.

"सात घट्ट होतोय, बाबा. आठ लागेल."

"खरंच की," बाबा डोळे पुसत हसले. "पाय पसरलेत माझे, आणि मी आपला जुनाच नंबर सांगतोय."

आता मी दुकानाच्या मधोमध असतो. पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, गादी अजून फाटकीच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. तुमच्यासाठी कुणी आयुष्यभर खाली बसलं असेल, तर चारचौघांत त्यांना ओळख द्यायला उशीर करू नका. त्यांनी तुम्हाला 'मॅडम' म्हणायच्या आत तुम्ही त्यांना 'बाबा' म्हणा.