तेल प्यालेला फळा

भिंतीत पक्का बसवलेला फळा तुम्ही रोज पाहता, मित्रांनो. मी त्याचा फिरता भाऊ आहे, एक जुना गुंडाळीफळा. अंग जाड कापडाचे, वर एक आणि खाली एक लाकडी दांडी. सोडला की लोंबतो, गुंडाळला की काखेत मावतो. शिक्षक होण्यासाठी शिकणारी मोठी माणसे मला घेऊन शाळेत सरावाचे पाठ द्यायला जातात.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या शेडमध्ये झाला. तो कापडावर काळा रंग द्यायचा, वाळला की काचकागदाने घासायचा, पुन्हा रंग, पुन्हा घासणे. हाताखालच्या माणसाला म्हणायचा, "घास अजून. खडूला धरायला काहीतरी पाहिजे की नको? गुळगुळीत झाला की फळा मेला." तेव्हा मी ते नुसतेच ऐकले. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

मला विकत घेतले ते एका बाईने. ती खिळे, बिजागऱ्या आणि कुलुपांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. सकाळी अध्यापक महाविद्यालय आणि दुपारपासून दुकान, असा तिचा दिवस होता. तिला माध्यमिक शाळेत वाणिज्य शिकवायचे होते. घराजवळच्या शाळेतले वाणिज्याचे सर निवृत्त होणार होते. तिथल्या मुख्याध्यापिका तिला म्हणाल्या होत्या, "नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत पदवी घेऊन या. तोपर्यंत जागा मी धरून ठेवते. पुढचं माझ्या हातात नाही."

तिचा नवरा मालट्रकवर होता, घरी कमीच असायचा. घरात ती आणि तिचे सासरे. सासऱ्यांनी सगळा जन्म लाकडी सामानाला पॉलिश करण्यात घालवला होता. शेजारीपाजारी त्यांना चकचकबाबा म्हणत. काम सुटले तरी हात स्वस्थ राहत नव्हते. दार, पाट, खुर्ची, छत्रीची मूठ, जे दिसेल त्याला ते तेलाचे फडके मारत. एकदा पोस्टमन सही घेता घेता म्हणाला, "बाबा, मी लवकर जातो, नाहीतर मलाही चकचकीत करून पाठवाल." त्या घराला कायम जवसाच्या तेलाचा वास असायचा. हे लक्षात ठेवा, मित्रांनो.

संध्याकाळी ती मला खिडकीच्या गजाला अडकवायची आणि बाबांना समोर बसवून पाठाचा सराव करायची. सगळा वर्ग म्हणजे ते एकटे. शिकाऊ शिक्षकांचा एक नियम असतो. पाठाचे नाव शिक्षकाने आधी सांगायचे नाही. प्रश्न विचारत विचारत ते मुलांच्या तोंडून काढायचे, आणि मुलांनी म्हटले की लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे. तो क्षण पाठाचा जीव असतो. आणि फळ्याचाही.

"साबण आपण कुठून आणतो?" ती विचारायची.

"कोपऱ्यावरनं."

"तो दुकानदार कुठून आणतो?"

"मोठ्या दुकानातनं."

"मग त्या मोठ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?"

"त्याला? त्याला शेठ म्हणतो."

"बाबा, घाऊक व्यापारी."

"अगं, घाऊक असला तरी तोंडावर शेठच म्हणावं लागतं. नाहीतर माल देईल का तो?"

ती कपाळाला हात लावायची, पण हसायची. मग माझ्यावर लिहायची, 'घाऊक व्यापारी'. खडू माझ्या अंगावर टकटक वाजायचा. अक्षर कसे धरून ठेवायचे ते मला येत होते. तेवढेच मला येत होते.

एका सराव पाठाला तिच्या प्राध्यापिकाबाईंनी शेरा दिला, "अक्षर छान, पण फळा पांढुरका पडलाय. काळा कुळकुळीत हवा. परीक्षेत फळ्याला वेगळे गुण असतात, विसरू नका." तिने घरी आल्यावर जेवताना हे सहज सांगितले. बाबा नुसते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांची ती नजर मी ओळखायला हवी होती. पण ओळखून तरी मी काय करणार होतो?

शेवटचा पाठ परीक्षेचा असतो. बाहेरचे परीक्षक येतात आणि त्या पाठात उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्याच्या आदल्या दुपारी ती दुकानात गेली होती. बाबांनी मला जमिनीवर उलगडले. आधी ओल्या फडक्याने पुसले, मग सुक्या. मग बाटलीचे बूच निघाले.

मित्रांनो, त्यांच्या हाताला फार माया होती. ते गोल गोल हात फिरवत होते, कडेला, कोपऱ्यात, एकही जागा न सोडता. "बघ कसा उजळतोस," असे माझ्याशी बोलत होते. "आमच्या सूनबाईची परीक्षा आहे उद्या. नाक कापू नकोस." तेल माझ्यात मुरत होते आणि माझा खरखरीतपणा, जो त्या रंगाऱ्याने घासून घासून आणला होता, बोटाबोटाने बुजत होता. मला ओरडावेसे वाटत होते. फळ्यावर दुसऱ्यांचे शब्द उमटतात, त्याचा स्वतःचा एकही नसतो. मी चमकत राहिलो.

त्यांनी मला वाळवले, गुंडाळले, नवी नाडी बांधून दाराशी उभे केले. सकाळी तिने उचलले तेव्हा ते म्हणाले, "आत्ता उघडू नको. वर्गातच उघड."

"काय केलंत, बाबा? नाडी बदललीत ना?"

"वर्गातच बघ म्हटलं ना."

ती हसून पाया पडली. तेलाचा वास आला असेल, पण त्या घरात तो रोजचाच होता.

वर्गात भिंतीवर मोठा फळा होता. त्यावर शाळेच्या परीक्षेची बैठकव्यवस्था लिहिलेली होती आणि खाली चौकटीत 'पुसू नये'. मला खिळ्याला अडकवून तिने सोडले. पहिल्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, "काय भारी फळा आहे." तीही क्षणभर पाहत राहिली. तिला वाटले असेल, बाबांनी नवा रंग दिला. परीक्षक मागच्या बाकावर बसले आणि तिने सुरुवात केली.

साबण कुठून येतो, दुकानदार कुठून आणतो, सगळे प्रश्न नीट गेले. आणि मग मुले एका आवाजात म्हणाली, "घाऊक व्यापारी."

एवढे सुंदर उत्तर कधी आले नव्हते. ती वळली, खडू माझ्यावर टेकवला आणि खडू घसरला. तिने पुन्हा दाबून लिहिले. कागदावर मेण घासावे तसा नुसता चिकट ओरखडा उठला. खडू मोडला. दुसरा घेतला. तोही सरकला. तिने बोट माझ्यावर फिरवले, नाकाशी नेले आणि तिला सगळे कळले.

मी तिच्या इतका जवळ होतो की तिचा श्वास मला लागत होता. एक अक्षर, नुसता एक 'घा' धरून ठेवता आला असता तर. पण माझ्या अंगात धरायला काही उरलेच नव्हते.

तिने भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिले. 'पुसू नये'. पुन्हा माझ्याकडे पाहिले. मग वर्गाकडे वळून उरलेला पाठ तोंडी शिकवला. चांगला शिकवला. पण तिचा हात मात्र सारखा खडू धरल्यासारखी बोटे मिटत होता आणि सोडत होता.

पाठ संपल्यावर परीक्षक म्हणाले, "बाई, बोलता उत्तम. पण फळ्यावर एक अक्षर नाही. मी गुण कशाला देऊ?"

"चूक झाली, सर."

"फळ्याला काय झालंय?"

ती मला गुंडाळू लागली. "काही नाही, सर. माझीच तयारी कमी पडली."

घरी बाबा दारातच उभे होते. "मग? कसा दिसला फळा?"

"सगळ्या वर्गाचं लक्ष त्याच्यावरच होतं, बाबा."

"आणि परीक्षक?"

"त्यांनी तर खास विचारलं फळ्याबद्दल."

बाबा एवढे खूश झाले की त्यांना पुढे काय विचारावे तेच सुचेना. ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. निकालात ती नापास झाली. बाबांना तिने सांगितले की पाठ लांबला, वेळ पुरला नाही. तेव्हा बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. पुढच्या वेळी मी अजून एक हात मारतो." घराजवळच्या शाळेतली ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मुख्याध्यापिकांनी निरोप पाठवला, त्यांनाही वाईट वाटत होते. ती पुन्हा काउंटरवर उभी राहून बिजागऱ्या मोजू लागली.

पुढच्या परीक्षेलाही बाबांनी मला तेल पाजले आणि तिने मला काखेत मारून घरातून नेले. शाळेच्या फाटकापाशी तिची महाविद्यालयातली मैत्रीण उभी होती. सतत धावपळीत असायची म्हणून तिला सगळे घाईताई म्हणत. तिने स्वतःचा फळा पुढे केला. "हा घे. आणि त्या पैलवानाला कोपऱ्यात उभा कर. सासऱ्यांना अजून सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू?"

"तोंडाने सांग. मी सांगू का?"

"नको. हात मोडल्यासारखे होतील ते."

मी गुंडाळलेला, वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मुले म्हणाली, "घाऊक व्यापारी." आणि दुसऱ्याच्या अंगावर खडू टकटक वाजला. शेवटपर्यंत वाजत राहिला. मी ऐकले. मला आनंद झाला, खरेच झाला. पण तो आनंद कुठे ठेवायचा ते मला कळेना.

ती शिक्षिका झाली. नोकरी मिळाली ती लांबच्या शाळेत, अंधारातच निघावे लागे. बाबांनी मला बाहेरच्या खोलीत टांगले आणि येईल त्याला सांगितले, "ह्याच फळ्यावर आमची सूनबाई मास्तरीण झाली." हात थरथरायला लागले तरी फडके सुटले नाही. मग एक दिवस तेही सुटले.

बाबा गेल्यानंतर सुट्टीच्या एका सकाळी तिने मला खाली उतरवले. बादलीत सोड्याचे गरम पाणी होते, बाजूला ब्रश आणि खडूचा तुकडा. मला कळले, हे माझे तेल काढायला होते. माझे अंग पुन्हा खरखरीत होणार होते, कदाचित एखादे अक्षरही उमटणार होते. तिने ब्रश बुडवला, माझ्यावर आणला आणि तसाच धरून बसली. पाणी निवले. मग ती उठली, बाबांच्या खोक्यातले तेलाचे फडके काढले आणि माझ्यावर गोल गोल हात फिरवू लागली. अगदी त्यांच्यासारखा, कडेला, कोपऱ्यात, एकही जागा न सोडता.

तेव्हापासून मी असाच आहे, काळा कुळकुळीत आणि कोरा.

मित्रांनो, वस्तूंना जपा, माणसांनाही जपा. पण फडके उचलण्याआधी एकदा विचारा, तुला काय हवे आहे? आणि तुम्हाला कोणी असे जपायला आले, तर वेळेवर सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.