गोधडीचं दर्शनी अंग

एकीशिवाय गावाचा उद्धार नाही, हे १९७४ साली आमच्या गावानं एकमतानं मान्य केलं. एकमत सकाळी झालं. दुपारी जुने कपडे गोळा व्हायला लागले आणि ते मोडलं.

टूम ग्रामसेविका उषाबाईंची होती. घरटी एक तुकडा घ्यायचा, सगळ्यांची मिळून एक गोधडी शिवायची आणि ती अंबडच्या प्रदर्शनात गावाच्या नावानं टांगायची. दुष्काळ नुकताच सरला होता, त्यामुळे फाटक्या कपड्यांना गावात तोटा नव्हता.

बौद्धवाड्यातून गिरिजाबाई आली ती सासूच्या लुगड्याचा तुकडा घेऊन. पांढरा, निळ्या काठाचा. छप्पन साली दीक्षेला नागपूरला जाताना म्हातारी तेच नेसली होती.

पोलीस पाटील रखमाजी म्हणाले, "वर जागा न्हाई राह्यली. आतल्या थरात घालू. ऊब तर आतलाच कपडा देतो."

"मंग पाटील, तुमचा फेटा घाला की आत," गिरिजाबाई म्हणाली. "लई ऊब येईल. माह्या सासूचं लुगडं लोकायला दिसलं पाह्यजे. न्हाई तर मी घरी नेते."

पाटलांच्या फेट्याचा तुकडा बराबर मधोमध लावलेला होता. पाटलांनी उषाबाईंकडे बघितलं. उषाबाई सरकारी नोकर. त्यांनी आढ्याकडे बघितलं.

तोडगा पाटलीणबाईंनी, म्हणजे गोजरबाईंनी काढला. "गोधडीला दोन अंगं असतेत. एका अंगाला आमचे तुकडे, दुसऱ्या अंगाला तुमचे."

"आन् टांगायचं कोणतं अंग?"

"ते अंबडला बघू. तू चल संगं."

शाळेच्या पडवीत शिवण सुरू झाली. गोधडी चौफेर बसून काठाकडून मध्याकडे शिवत नेतात. पहिल्या दिवशी आमच्या बायका या काठाला, त्यांच्या त्या काठाला, असा रीतसर कारभार होता. पण टाके आत सरकले तशा बायकाही सरकल्या. टाका खालच्या अंगापर्यंत जायचा, त्यामुळे कोण कुणाचं शिवून राह्यलंय याचा हिशेब लवकरच सुटला. मिश्रीची डबी फिरली, गुळाचा चहा फिरला. शेवटी तर गोजरबाई आणि गिरिजाबाईची डोकी एकमेकींना लागायला लागली.

"सरक की जरा."

"कुठं सरकू, पाटलीणबाई? पाटलाच्या फेट्यावर बसू का?"

त्या दोघी तेव्हा ज्या हसल्या, तसं हसू त्या पडवीत मी पुन्हा ऐकलं नाही. पुढं ती पडवी पाडून तिथं कचेरी झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो, पाटीलही संगं होते. गोजरबाईंनी बसमध्येच न्याय दिला: अर्धा दिवस फेटा दिसेल, अर्धा दिवस लुगडं. पाटील आणि गिरिजाबाई दोघांनी मान्य केलं आणि दोघांनीही सकाळ मागितली, कारण पाहुणे सकाळी येणार होते.

"पाटील, तुमचा फेटा रोज दिसतो," गिरिजाबाई म्हणाली. "माही सासू एकदाच दिसणार हाय."

पाटील पुढची तीन गावं खिडकीबाहेर बघत बसले. अंबडचा स्टँड आल्यावर उठता उठता म्हणाले, "बरं. सकाळ तुझी."

प्रदर्शनाच्या हॉलला नुकताच रंग दिला होता. भिंतीला खिळे ठोकायला मनाई होती, त्यामुळे गोधडी दिवसभर पिशवीतच राहिली.