बर्फ दाखवू नको

"बर्फ दाखवलास तर फोन कट करीन," असं मी आवडाबाईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

का नाय बजावणार? दौलताबादच्या किल्ल्याखाली तीस वर्षं आम्ही तिघींनी शेजारी शेजारी बसून पेरू अन् सीताफळं विकली. आवडा, लक्ष्मी अन् मी, द्वारका. आवडाची लेक शिकली, फिनलंडला नोकरीला लागली. तिनं तिघींनाही बोलावलं, "मावशी, हिवाळ्यात पंधरा दिवस राहायला या." दोघींचा व्हिसा आला, माझा नामंजूर. कारण इंग्रजीत लिहिलं होतं. मला एवढंच कळलं की मी घरीच बसणार. नवा लोकरीचा कोट पेटीत पडून राहिला. एक तरी म्हणाली का, "द्वारका नाय तर आम्ही पण नाय"? मेल्या खिदळत विमानात बसल्या.

तरी मी रोज फोन लावायचे. कशाला, तर खुसपट काढायला.

त्या दिवशी इथं दुपारचे साडेचार, तिकडं एक. लेक-जावई किराणा आणायला गावात गेले होते. या दोघी तळ्याकाठच्या भाड्याच्या लाकडी घरात. फोनमध्ये आवडा भिंतीला टेकून बसलेली दिसली, डोळे जड. मागं लक्ष्मी पलंगावर आडवी.

"ही भर दुपारी का झोपली ग?"

"डोकं दुखतंय म्हणती. उलटी पण झाली. माझं पण कपाळ ठणकतंय. थंडी बाधली असंल."

"मग पेटवा काहीतरी."

"पेटवलंय ना, ही बघ." तिनं फोन फिरवला. विटांची मोठी चूल, आत लालबुंद निखारे. "ऊब जाऊ नाय म्हणून धुराड्याची लोखंडी पट्टी मीच सरकवून बंद केली. जावई झोपताना तसंच करतो."

"निखारे लाल असताना?"

"ते काय मी बघत बसले नाय."

माझा भाऊ सांडू छावणीत एका बंगल्यावर राखणदार होता. पौषातल्या थंडीत कोळशाची शेगडी घेऊन, दार-खिडकी लावून निजला. सकाळी दार तोडलं तर अंगावरचं पांघरूणसुद्धा हललेलं नव्हतं. निखाऱ्याच्या वायूला ना रंग असतो ना वास.

"आवडे, दार उघड! आत्ताच्या आत्ता!"

"याड लागलं का? बाहेर उणे बावीस हाय."

"घरात शेगडीचा वायू झालाय! माझा सांडू कसा गेला, इसरलीस?"

"तसं काही असतं तर भिंतीवरची धूर-वायू ओळखणारी डबी बोंबलली असती."

"मग का नाय बोंबलली?"

"काल मिरचीची फोडणी दिली तर लई केकाटली. म्हणून लक्ष्मीनं सेल काढून ठेवले." अन् ती हसली. हसता हसता जीभ अडखळली.

"तुझ्या पाया पडते, उठ ग!"

"तू जळतीस, द्वारके. आठ दिवस झाले, नुसती चरफडतीस. आमचं सुख बघवत नाय तुला. थांब, जरा पडते मी."

मी आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिच्या पापण्या मिटायलाच लागल्या. फोन कट करून लेकीला लावावा, तर तेवढ्यात ही आडवी होणार, मग हिला उठवणार कोण? अन् मला कळलं की ओरडून ही उठायची नाय. तीस वर्षं बघतेय मी. गिऱ्हाईक तावातावानं बोललं की आवडा दगड व्हायची. कुणी केविलवाणं तोंड केलं की दोन पेरू जास्तीचे टाकायची.

मी आवाज खाली आणला. "व्हय ग आवडे. जळते मी. लई जळते. मला बर्फ बघायचाय."

डोळे किलकिले झाले. "काय बघायचंय?"

"बर्फ. मी कुठं येणार आता तिकडं? एकदा दाखव. काचेतून नको, बाहेर ने मला. हातात घेऊन दाखव."

"आधीच सांगायचं ना, मेले."

ती उठली अन् पडली. भिंत धरून परत उठली. मला छत दिसलं, मग जमीन, मग दाराची कडी. कडी निघेना.

"जोर लाव, माझे बाय. मला बर्फ बघू दे."

दार उघडलं अन् फोनमध्ये सगळं पांढरं झालं.

"आता दार लावू नको! तिथंच बस, मोठा श्वास घे!"

ती पायरीवर बसून खोकली, ओकली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडं नीट बघितलं. लई भ्यालेली होती. "द्वारके... लक्ष्मी आत हाय."

"ओढ तिला बाहेर! हाताला लागंल ते धर अन् ओढ!"

फोन बर्फात पडला. मला नुसतं राखाडी आभाळ दिसत होतं. आतून फरफटल्याचा आवाज आला, आवडाचं कण्हणं आलं, मग काहीच नाय. मी भद्रा मारुतीला नवस बोलले. हाका मारून मारून माझा घसा बसला.

मग लक्ष्मीचा बारीक आवाज आला, "अग मेले, केस सोड माझे!"

मी तिथंच भुईवर बसून मोठ्यानं रडले, अन् रडत रडतच आवडाच्या लेकीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आवडाचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, अजून थोडा उशीर झाला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या.

"फसवलंस ग मला," ती म्हणाली. "बर्फ बघायचं नाटक केलंस."

"नाटक नव्हतं ते," मी म्हणलं. "खिडकीपाशी जा, अन् नीट दाखव. काल आभाळाकडं तोंड करून टाकला होतास फोन."