तात्यापाऱ्यातल्या कूलरचं निवेदन

स्वरदाला तिच्या बाबांनी एक वर्ष दिलं. हे वाक्य चुकून आधी आलं, मित्रांनो. तुम्ही ते वाचलेलं नाही, तिचा बारावीचा निकाल अजून लागायचा आहे, आणि मी पहिल्यापासून सुरू करतो.

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. माझा जन्म रायपुरात, भनपुरीच्या एका कारखान्यात झाला. माझ्या शेजारच्या पत्र्याची पेटी झाली, त्याच्या शेजारच्याची कोठी. तुला काय व्हायचं आहे, असं आम्हाला कुणी विचारलं नाही. मी कूलर झालो आणि त्याच शहरातल्या तात्यापाऱ्यात, स्वरदाच्या बाबांच्या म्हणजे प्रल्हादरावांच्या खिडकीत बसलो.

उन्हाळ्यात माझं फार कौतुक होतं. हिवाळ्यात माझ्या पोटात जुन्या चपला ठेवतात. तक्रार नाही, चपलांचा सहवास बरा असतो. पण माझ्या टाकीत रोज न सांगता पाणी भरणारी आणि वाळ्याच्या ताट्या हाताने धुणारी घरात एकटी स्वरदा.

निकाल लागला, चांगला लागला, आणि घरात सल्ले शिरले. सल्ला द्यायला आलेल्या माणसाला आमच्याकडे माझ्यासमोरची खुर्ची देतात. त्यामुळे सल्ला सगळ्यांना मिळतो आणि हवा एकालाच. वरच्या मजल्यावरचे दिवाकरकाका रेल्वेत आहेत, त्यांनी रेल्वे सांगितली. अभनपूरच्या चारुदत्तमामांचं बियाण्यांचं दुकान आहे, त्यांनी शेतकी कॉलेज सांगितलं. माझ्या आवाजापेक्षा मोठ्याने हे सल्लागार ओरडत, मग ऐकू येत नाही म्हणून मला बंद करायला लावत. मे महिन्यातल्या रायपुरात कूलर बंद झाला की थोड्याच वेळात सल्लागाराला घरचं काम आठवतं. मामांना तर एकदा अर्ध्या वाक्यात आठवलं.

प्रल्हादरावांनी मात्र इंजिनियरिंगचं ठरवून टाकलं होतं. सोमवारी प्रवेश पक्का करायचा होता. रविवारी दुपारी ते माझ्यासमोर बसले असताना स्वरदा उठली आणि तिने माझं बटण बंद केलं.

"काहून बंद केला?"

"मले बोलायचं आहे, बाबा."

मित्रांनो, मला आजवर सल्लागारांनी बंद करायला लावलं होतं, स्वरदाने पहिल्यांदाच केलं.

"मले इंजिनियर व्हायचंच नाही, असं नाही," ती म्हणाली. "मले काय व्हायचं, तेच समजून नाही राहिलं. खोटंच 'हव बाबा' म्हणू काय?"

कितीतरी मोठ्या माणसांना आयुष्यभर हे वाक्य जमलेलं नाही, हे मी खुर्चीच्या अनुभवावरून सांगतो. मग तिने एक वर्ष मागितलं. ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांच्या कामावर महिना-महिना जाऊन ती बघणार होती. सुरुवात मामांच्या दुकानापासून.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्रल्हादरावांच्या कपाळावर घाम आला, कानामागून गळ्यात उतरला, सदरा पाठीला चिकटला. मी वाट पाहत होतो की आता यांनाही काही काम आठवेल. त्यांना आठवलं नाही. ते बसून राहिले. शेजाऱ्यांचा कूलर भिंतीपलीकडे खुशाल चालू होता.

"एक वर्ष," शेवटी ते म्हणाले. "पन मामाले मी नाही सांगनार, तूच सांग."

"हव."

"आन् आता कूलर लाव पोट्टे, जीव जाऊन राहिला."

मी त्या दिवशी जेवढी हवा दिली, तेवढी मोटरच्या वयाला शोभत नव्हती.

मामांनी म्हणे आता सल्ले देणं कमी केलं आहे. स्वरदा रोज सकाळच्या बसने अभनपूरला जाते आणि जाण्याआधी माझी टाकी भरते. तिला बियाणं आवडलं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

सबब, घरोघरच्या माननीय वडीलधाऱ्यांना निवेदन करण्यात येते की, ज्यांचं काही ठरलेलं नाही अशा मुलामुलींसाठी कूलरसमोरची खुर्ची कायमस्वरूपी राखीव ठेवण्यात यावी, सल्लागारांची व्यवस्था उन्हात गच्चीवर करावी, आणि प्रस्तुत अर्जदारास डिसेंबर महिन्यातही दररोज दहा मिनिटं चालू करण्यात यावं, म्हणजे समोर कुणी बसून बोलेल आणि स्वरदाचं पुढे काय ठरलं ते त्यास चपलांकडून ऐकावं लागणार नाही.