अभ्यासिकेचं कुलूप

मले एका गोष्टीचा पहिल्यापासून भल्ला राग हाय. पाहुणे आले की घरातलं खरं माणूस आतल्या खोलीत दडवाचं अन् उसनं माणूस समोर बसवाचं. आमच्या वाचनालयात तपासणीच्या दिवशी दरसाल हेच चालते. अन् दरसाल ते माह्याच हातून होते, कारण ग्रंथपाल मीच.

माहं नाव छाया. रोहण्याच्या अलीकडं आमचं गाव, अन् ग्रामपंचायतीच्या मागं आमचं सार्वजनिक वाचनालय. वर्षातून एकदा वर्ध्याहून साहेब येतात, पुस्तकं पाहतात, वाचक पाहतात, अन् त्यायच्या अहवालावर आमचा दर्जा ठरते. सध्या 'ब' हाय. तो 'क' झाला तं गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाई, असं आमचे अध्यक्ष सदाशिवराव म्हणतात. सदाशिवरावांचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. म्हणून जिथी जातीन तिथी पहिले सजावट.

यंदाची तपासणी ऐन उन्हाळ्यात आली. आदल्या दिवशी सदाशिवराव एक मोठं कुलूप घेऊन दारात उभे.

"छायाताई, फाटकं पुस्तक एक बी नजरेले पडलं नाई पायजे. सारे पोत्यात भरा, पोते अभ्यासिकेत टाका, अन् अभ्यासिकेले हे कुलूप."

"अन् पोरी?"

"एक दिवस घरी बसतीन, काय बिघडते? साहेबानं त्या खोलीचे पोपडे पाह्यले तं दर्जा गेलाच समजा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आता तुमीच सांगा. जे पुस्तक गावभर फिरलं, शेतात गेलं, बाळंतिणीच्या उशाशी राह्यलं, त्याची पाठ उखडनच नं! ते पोत्यात. अन् ज्याले कोणी बोट लावलं नाई, ते कोरं करकरीत म्हणून समोरच्या कपाटात. अन् तीच गत माणसायची. अभ्यासिका म्हणजे मागची खोली. एक पंखा, दोन सतरंज्या, अन् भिंतभर पोरीयनं चिकटवलेले नकाशे. कोणी पोलीस भरतीचा अभ्यास करते, कोणी तलाठ्याचा. आमचं वाचनालय जिवंत हाय ते त्या खोलीपायी. तिलेच कुलूप! अन् समोरच्या हॉलात पानठेलेवाला कैलास अन् त्याच्या ठेल्यावरचे रिकामटेकडे इस्तरीचे शर्ट घालून वाचक म्हणून बसवाचे, तर्री-पोह्याच्या बोलीवर. वरून कीर्तन, आतून तमाशा.

 तरी मीच मुकाट्यानं पोते भरले. मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या अभ्यासिका बंद.' टाकलं तेव्हापासून जिवाले चैन नाई.

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळीच येणार होते. उन्हं डोक्यावर आली तरी पत्ता नाई. मी दारात जाऊ, रस्त्याकडं पाहू, परत येऊ, पुस्तकं सारखी करू, परत दारात. सदाशिवराव फोन कानाले लावून वऱ्हांड्यात येरझारा घालून राह्यले होते. आमचे उसने वाचक तोवर पोहे खाऊन मोकळे झाले, अन् एका बहाद्दरानं तर्रीचा लाल हात कोऱ्या पुस्तकाले पुसला. मी ते हिसकून घेतलं.

"काऊन चिडता ताई?" कैलास म्हणे. "वाचलं तं वाटलं पायजे नं."

त्या गडबडीत मागच्या दारातून मयुरी आली. मयुरी म्हणजे विहाराजवळच्या कांताबाईची सून. नर्सिंगचा कोर्स झालेली, आरोग्यसेविकेची परीक्षा तोंडावर आलेली. नवरा रत्नदीप सावंगीच्या दवाखान्यात कामाले, हप्त्यातून एकदा घरी येते. घर एका खोलीचं. त्यात सासू, टीव्ही अन् रांगतं लेकरू. लेकरू दुपारी झोपलं की सासू म्हणे जाय, अन् उठलं की फोन. तेवढीच पोरीची सवड.

"अवं, ग्रुपवर पाह्यलं नाई काय? आज बंद हाय," मी म्हटलं.

"पाह्यलं नं ताई. पण बंद हाय म्हणून घरी सांगितलं असतं, तं आईनं उद्या बी घरीच राह्य म्हटलं असतं. एकदा खंड पडला का मंग निघणं होत नाई. परीक्षा पुढच्या हप्त्यात हाय."

"मंग सांगून काय आली?"

"वाचनालयात चालली म्हटलं. खोटं थोडीच हाय?" ती हासली, पण डोळे हासत नव्हते. "मले पोत्यापाशी बसू द्या. बाहेरून कुलूप लावून घ्या. मी आवाज नाई करत."

आवाज नाई करत म्हणे! मयुरीले मनात वाचता येतच नाई. ओठ हालले नाई तं तिच्या डोक्यात शिरत नाई, साऱ्या पोरी तिची त्याच्यावरून मजा घेतात. पण मले नाई म्हणवलं नाई. पाण्याची बाटली देली, तिच्या फोनचा आवाज बंद केला, पोत्यावर बसवलं, ते धोंड्याएवढं कुलूप लावलं अन् किल्ली कमरेले खोचली. खोलीले खिडकी एकच, ते बी पोत्यायमागं दडलेली. पंखा लावावं तं त्याची खडखड हॉलात ऐकू येते. म्हणून तो बी बंद. 

साहेब आले तेव्हा दुपार कलली होती. अंगानं वाळकुटे, चष्मेवाले, फार बोलत नव्हते. कपाट पाह्यलं. एक कोरं पुस्तक काढलं, नाकाशी नेलं, ठेवून देलं. कैलासपाशी थांबले.

"काय वाचता?"

"जे हाय ते, साहेब."

साहेब हासले नाई. टेबलापाशी बसून लिहाले लागले. मी मागच्या दाराकडं पाहू नोको पाहू नोको म्हणत तिकडंच पाहून राह्यली होती. आत ती जिती तं असन नं? पाणी सरलं असन. हे साहेब उठतीन कधी?

"अभ्यासिका हाय काय तुमच्याकडं?" साहेबानं विचारलं.

"नाई साहेब," सदाशिवराव म्हणाले. "मागं एक खोली हाय, पण ते स्टोअररूम. अभ्यासिकेचं पुढं-मागं पाहू."

 एक दिवस दडवणं येगळं अन् नाईच म्हणणं येगळं! कागदावर एकदा स्टोअररूम चढली का ते स्टोअररूमच. अन् सदाशिवरावांच्या गाद्या-खुर्च्यायले गोदाम पुरून नाई राह्यलं, हे साऱ्या गावाले ठाऊक. आत्ता समजलं मले, कुलूप एवढं मोठं काऊन आणलं.

"साहेब..." मी म्हटलं.

"छायाताई, साहेबायले चहा सांगा," सदाशिवराव म्हणाले, अन् माह्याकडं डोळे वटारले. माही नेमणूक त्यायच्याच समितीच्या हातात. साहेबाचा पेन चालूनच राह्यला. मी चहा सांगितला. थू माह्या जिंदगीवर, असं वाटलं मले त्या वक्ती.

तितक्यात कांताबाई आली. कडेवर रडतं लेकरू, पायात चप्पल नाई, तोंड लालभडक.

"छाया, माही सून कुठी हाय?"

हॉलातल्या साऱ्यायच्या माना वर झाल्या.

"फोन लावून लावून थकली मी. लेकरू रडून रडून निळं पडलं. शेजारच्या पोरीनं मोबाईलात दाखवलं, वाचनालय आज बंद हाय म्हणे! मंग ही मले वाचनालयाचं सांगून गेली कुठी? अर्ध्या गावात विचारत आली मी. लोकं तोंडाले रुमाल लावून हासतात."

"इथी कोणी नाई आलं कांताबाई," सदाशिवराव झटकन बोलले. "इथी तं अभ्यासिकाच नाई."

त्यायले मयुरी आत हाय हे ठाऊकच नव्हतं. त्यायले फक्त साहेबापुढं आपला शब्द खरा कराचा होता. पण कांताबाईचं लाल तोंड पांढरं पडलं.

"म्हणजे खोटं बोलून गेली," ती हळूच म्हणाली. "रोजच खोटं बोलत असन. येऊ दे आता घरी. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकू देत नाई."

अन् ती वळली.

आतून हूं की चूं नाई. ऐकत होती नं मयुरी सारं! पोटचं लेकरू रडून राह्यलं, सासू तिले खोटारडी ठरवून राह्यली, अन् ती बया तोंड दाबून बसली, काऊन तं मले शब्द देला होता म्हणून. अन् मी? मी चहाचा कप हातात घेऊन उभी. कांताबाई पायरी उतरली असती तं पोरीची परीक्षा बुडाली असती, अन् गावानं जे नाव ठेवलं असतं ते जन्मभर पुसलं नसतं.

मी कप खाली ठेवला, कमरेची किल्ली काढली. "मावशी, थांब."

"छायाताई!" सदाशिवराव ओरडले.

"बस झालं भाऊ. भल्ली झाकली मूठ."

 कुलूप निघालं, दार उघडलं. मयुरी पोत्यावर बसून होती, घामानं निथळलेली, पुस्तक छातीशी धरून. डोळे गळून राह्यले होते पण आवाज नाई. लेकरानं तिले पाह्यलं अन् कांताबाईच्या कडेवरून अंगच फेकलं.

कांताबाईनं पाह्यलं, कधी सुनेकडं, कधी माह्या हातातल्या कुलपाकडं.

"कुलपात बसून?" ती म्हणाली.

"परीक्षा हाय नं आई," मयुरी म्हणाली.

साहेब कधी मागं येऊन उभे राह्यले, कळलं नाई. त्यायनं भिंतीवरचे नकाशे पाह्यले. मंग वाकून पोत्यातून एक पुस्तक काढलं. पुठ्ठा निघालेला, पानं हळदीनं पिवळी, अन् आतली तारखेची चिठ्ठी शिक्क्यायनं भरून गेलेली.

"हे कोण वाचते?"

मंग माहं तोंड सुटलं. "सारं गाव वाचते साहेब, म्हणून तं फाटलं! जे वाचतात त्यायले आज घरी बसवलं, अन् जे समोर बसले ते पोह्यासाठी बसले. हे पुस्तकं खरे, हे खोली खरी, हे पोरगी खरी. स्टोअररूम नाई हाय हे. लिहाचं ते लिहा, दर्जा काढाचा तं काढा, पण इथी अभ्यासिका नाई असं लिहू नोका."

कैलास म्हणे, "मी ठेल्यावर निघतो," अन् त्याच्यामागं बाकीचे बी निघाले. हॉलात खुर्च्या तेवढ्या राह्यल्या, अन् तर्रीचा वास.

साहेबानं टेबलावर जाऊन एक ओळ खोडली अन् तिथी काईतरी लिहिलं. मी मान लांब करून पाह्यलं, पण अक्षर लागलं नाई. "दर्जाचं वरच्या हापिसात ठरन," एवढंच बोलले अन् गाडीत बसले. चहा तसाच थंडा होऊन गेला.

गाडी वळली तसा सदाशिवरावानं माह्याकडं मोर्चा वळवला. "तुमचं समितीत पाहू. पहिले त्या खोलीले कुलूप लावा."

मी काई बोलाच्या आधी कांताबाई पुढं झाली. तिनं कुलूप माह्या हातून घेतलं, किल्लीसगट. वजन पाह्यल्यासारखं वरखाली केलं. अन् पदराच्या टोकाले गाठ मारून बांधून टाकलं. एवढं जड कुलूप की पदर खांद्यावरून घसरून राह्यला, तरी बांधलंच.

"कांताबाई, माहं हाय ते," सदाशिवराव म्हणाले.

"माहीत हाय. माही सून खरं बोलून आली, अन् तुमी तिले साऱ्यायसमोर खोटी पाडली. माह्या तोंडून बी वाईट बोलवून घेतलं. ज्याले इथी कुलूप लावाचं असन त्यानं विहारापाशी माह्या घरी यावं अन् मांगून न्यावं. सून घरी सापडणार नाई, ते इथी असन. घरी मी असन."

मंग ती मयुरीवरच डाफरली. "तू काय पाहून राह्यली? आण ते लेकरू. बस वाचत. अन् फोन उचलत जाजो!"

लेकरू कडेवर घेऊन ती निघाली. पदराचं कुलूप गुडघ्यावर आपटत होतं. मी पंखा लावला. त्याच्या खडखडीत मयुरीचा आवाज चालू झाला, "जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस..." मधातच रडं फुटलं तिले, थांबली, अन् परत पहिल्यापासून म्हणाले लागली.

समितीची बैठक अजून व्हायची हाय. सदाशिवराव रस्त्यात भेटले तं तोंड फिरवतात. अहवालात काय आलं ते बी कळलं नाई, अन् मले सुखाची झोप नाई. पण पोरी परत याले लागल्या, अन् पोते मी रिकामे केले. रोज संध्याकाळी निघताना मागच्या खोलीले नुसती कडी लागते. कुलूप कांताबाईच्या घरी खुंटीले टांगून हाय. मांगाले अजून कोणी गेलं नाई.