रोग ओढणारा गोळा

"लाल झाला, लाल झाला," असं कुणीतरी म्हणालं आणि माझ्या लाँड्रीत उभी असलेली वीस-पंचवीस माणसं ड्रायरच्या काचेकडे अशी सरकली, की माझ्याच दुकानात मला पाय ठेवायला जागा उरली नाही.

निसर्गताईंनी ड्रायरचं दार उघडलं, गरम, दमट कपड्यांत कोपरापर्यंत हात घातला आणि लोकरीचा गोळा बाहेर काढला. आत जाताना पिवळाधमक होता. आता विटेसारखा लाल.

"काकांच्या गुडघ्यातला दोष," निसर्गताई हळव्या आवाजात म्हणाल्या. "सगळा स्वतःवर घेतला बिचाऱ्याने."

पेन्शनर काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "खरंच हलकं वाटतंय हो."

काका अजून खुर्चीतून उठलेसुद्धा नव्हते.

मग निसर्गताईंनी तो गोळा बरणीतल्या 'शांतिजला'त बुडवला. बघता बघता लाली उतरली आणि गोळा पुन्हा पिवळा झाला. आंबट भपकारा सुटला तसं बँकेतल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला.

"घाबरू नका," निसर्गताई म्हणाल्या. "दोष मरताना असाच वास येतो."

मी गेली बावीस वर्षं लोकांचे कपडे धुते. दोष मरताना कसा वास येतो ते मला माहीत नाही, पण व्हिनेगरचा वास मला झोपेतही ओळखता येईल.

तसं पाहिलं तर निसर्गताई ही बाई मूळची वाईट नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ती जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळून, गरम पाण्यात घट्ट करून साधे पांढरे गोळे बनवायची. ड्रायरमध्ये तीन-चार टाकले की कपडे एकमेकांना चिकटत नाहीत, मधून वारा खेळतो आणि लवकर सुकतात. घरच्या घरी होणारी, गुणाची वस्तू. मी स्वतः वापरत होते. पण कपडे लवकर सुकतात एवढ्यासाठी कोण गर्दी करणार? तेव्हा यंदा गोळे पिवळे झाले, त्यांना अत्तराचा उग्र वास आला आणि त्यांच्यात शक्ती शिरली.

शक्तीचे नियमही होते. आजारी माणसाचे कपडे वेगळे धुवायचे. शेवटच्या पाण्यात 'संजीवन पावडर' दोन मुठी टाकायची आणि ती मुळीच खळबळून काढायची नाही. आणि दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, कारण औषध चालू असलं की गोळा रुसतो.

या रुसणाऱ्या गोळ्यापायीच माझ्या घरात आग लागली होती. माझी नात नऊ महिन्यांची. तिच्या मानेच्या वळ्यांत, कोपरांत, गुडघ्यांमागे चट्टे उठले होते. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, उतारही पडत होता. पण माझी सून गोळ्याच्या नादी लागली आणि मलम कपाटाच्या वरच्या फळीवर गेलं.

"आई, तीन आठवडे गोळा रोज लाल होतोय," ती मला सांगायची. "म्हणजे आतलं निघतंय ना? आणि तुमच्याच ड्रायरमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोर होतोय."

पोर रात्रंदिवस खाजवत होती. मानेतून रक्त यायचं, म्हणून सुनेने तिच्या हातांत मोजे चढवले होते. ते बघूनही मी तोंड दाबून होते, आणि का ते खरं सांगते. निसर्गताईंमुळे माझं एकही यंत्र रिकामं राहत नव्हतं. शिवाय काय बोलणार? गोळा लाल तर होत होता.

डोळे उघडले ते माझ्या एप्रनने. भाजी करताना त्यावर हळद सांडली. दुपारी डागावर साबण घासला, तर डाग लालभडक. हे मी लहानपणापासून बघत आलेय. कपडे धुणाऱ्या प्रत्येक माणसाने बघितलंय. त्या दिवशी मात्र साबण हातातच राहिला आणि मी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

पुढच्या रविवारी गर्दी जमली तशी मी पुढे झाले. "ताई, आज आमच्याकडचे कपडे घ्या. ही पहिली खेप."

संजीवन पावडर त्यांनी स्वतःच्या हाताने टाकली. धुवून ड्रायर फिरला, दार उघडलं, गोळा लाल.

"बाप रे," निसर्गताई म्हणाल्या. "फार जुना आजार दिसतो. संधिवात असावा. कुणाचे हे?"

"कुणाचेच नाहीत," मी म्हटलं. "दोन नवेकोरे टॉवेल आहेत. सकाळी बँकेतल्या बाईंसमोर पाकिटातून काढले. संधिवात टॉवेलला झालाय का?"

कुणीतरी फिसकन हसलं. निसर्गताई गडबडल्या नाहीत. "विणणाऱ्याचा दोष धाग्यात उतरतो," त्या म्हणाल्या.

"असेल बाई. मग ही दुसरी खेप. नातीचे कपडे."

"ते तर लाल होणारच. त्या पोरीचा दोष मी रोज बघतेय."

ते कपडे मी पहाटे स्वतः धुतले होते. पावडरीचा कणही न टाकता, चार वेळा स्वच्छ पाण्यात खळबळून. निसर्गताईंनी त्यांत दुसरा, कोरा पिवळा गोळा टाकला. ड्रायर थांबला, आणि गोळा गेला तसाच पिवळा बाहेर आला.

निसर्गताईंनी लगेच हात जोडले. "पाहिलंत? दोष संपला. पोर बरी झाली."

सून लेकीला कडेवर घेऊन उभी होती. पोर मोज्यातल्या हाताने मान घासत होती, किरकिरत होती. सुनेने तिच्याकडे बघितलं, गोळ्याकडे बघितलं.

"मग ही खाजवतेय कशाला?" तिने विचारलं.

निसर्गताई गोळा पिशवीत टाकायला लागल्या.

मी पांढरं फडकं घेतलं, त्यावर ओली हळद फासली आणि काउंटरवर पसरलं. वर चिमूटभर संजीवन पावडर टाकली. फडकं लाल झालं. शांतिजल ओतलं, पुन्हा पिवळं झालं. दुसऱ्या टोकाला धुण्याचा सोडा टाकला, लाल. माझ्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं, पिवळं.

"गोळा हळदीत रंगवलाय," मी म्हटलं. "सोडा लागला की लाल, आंबट लागलं की पिवळा. अत्तर आहे ते हळदीचा वास दाबायला. ही पावडर म्हणजे सोडा, म्हणून ती खळबळून काढायची नाही. यात ना दोष आहे, ना शक्ती."

"अहो, आमच्या हळद लागलेल्या टॉवेलला साबण लावला की हे रोज होतं," पेन्शनर काका पुटपुटले आणि खुर्चीतून उठायला गेले. गुडघा कटकन वाजला. "आई गं," म्हणत ते परत बसले.

निसर्गताई बरणी उचलायला लागल्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण सून माझ्याकडे बघत होती.

"आई, म्हणजे तीन आठवडे मी हिच्या सोललेल्या अंगावर सोड्याचे कपडे घालत होते?"

"हो," मी म्हटलं. "आणि मी ते माझ्या यंत्रात धुवून देत होते. तुला दिसलं नाही, आणि मी बघायचं टाळलं. माझा अपराध मोठा आहे."

ती रडली. मीही रडले, गिऱ्हाइकांसमोर, लाज न बाळगता.

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघींना चांगलं फैलावर घेतलं, मलम पुन्हा सुरू केलं आणि कपड्यांत साबण राहू देऊ नका, सुगंधी काही वापरू नका, असं बजावलं. दोनेक आठवड्यांत मोजे सुटले.

आता माझ्या लाँड्रीत पाटी आहे : "गोळा कपडे सुकवतो. आजारासाठी डॉक्टर." गोळे आता सूनच बनवते, जुन्या स्वेटरचे, पांढरे, बिनवासाचे. आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते : डोळ्यांसमोर घडलं म्हणून ते खरं मानू नका. मीही डोळ्यांनीच बघत होते. कुणी चमत्कार दाखवला तर तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कपड्यावर, त्याची पावडर न टाकता करून बघा. आणि जो चमत्कार तुमचं औषध बंद करायला सांगतो, त्याला त्याच पावली दाराबाहेर काढा.

परवा नातीने टोपलीतला एक गोळा पळवला आणि हिरड्यांनी चावून चावून चिंब केला. बँकेतल्या बाई वाकून बघायला लागल्या. जुनी खोड, दुसरं काय.

"काय गं, रंग बदलला का?" त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेने गोळा पोरीच्या तोंडातून काढला आणि पदराला पुसला.

"ओला झाला," ती म्हणाली.