सहा किलो साखर

आमच्या शिडीला चौतीस पायऱ्या. पोर्तुगालात, लिमा नदीच्या या काठावर द्राक्षाच्या वेली झाडांवर चढवतात, आणि आमच्या तर पॉप्लरच्या शेंड्यापर्यंत गेलेल्या. माझे आजोबा एका ऑक्टोबरात टोपली घेऊन वर चढले तेव्हा देशात राजा होता. खाली उतरले तर प्रजासत्ताक आलेलं. आमची पांढरी वाईन इतकी आंबट, की एका घोटात पाद्रीबाबांची कवळी आकसून लहान मुलाच्या मापाची झाली. हे सगळं मी गावात शंभरदा सांगितलंय. लोक हसतात आणि आणखी एक वाटी ओतून घेतात.

त्या ऑगस्टात धाकटा भाऊ आदेलिनू फ्रान्सहून आला. दरवर्षीच यायचा, पण या खेपेला जमिनीचा निकाल लावायला. वेलींची जमीन दोघांच्या नावावर, आणि बाहेरच्या एका गिऱ्हाइकाला ती निलगिरी लावायला विकत हवी होती. आदेलिनूने विकायचं म्हटलं तर मला अडवता येत नव्हतं. फोनवर म्हणाला होता, "दादा, एकदा नीट जेवू, मग ठरवू."

म्हणजे सगळं त्या जेवणावर. मला आदल्या वर्षीचं आठवलं. त्याच्या फ्रान्सात वाढलेल्या मुलीने आमच्या वाईनचा पहिलाच घोट कुंडीत थुंकला होता, आणि हा मान खाली घालून बसला होता. लाज वाटली असणार. म्हणून सकाळीच मी उरल्यासुरल्या एकुलत्या एका पिंपात सहा किलो साखर ओतली आणि काठीने ढवळली.

"अहो, तारलीबरोबर गोड?" बायको, देओलिंदा, कपाळाला हात लावून म्हणाली. "मग माशाचं तेल घशाखाली कशाने उतरायचं?"

"तू मासे भाज."

आदेलिनू आला तो हात चोळतच. "वहिनी, आधी वाटी! मासे पळून जात नाहीत."

एक घोट घेतला आणि वाटीत बघत बसला. मग मक्याच्या पावावर एक तारली घेतली. लहानपणी हा अकरा खायचा.

"काय रे, एकच?"

"तेल जिभेवरच बसलं, दादा." त्याने वाटी लांब सरकवली. "तीस वर्षं बांधकामावर डबा उघडला की या आंबटाची आठवण यायची. नुसत्या आठवणीने जबडा दुखायचा. बायकोला सांगून आलो होतो, ती चव अजून असली तर विकत नाही. पण ही तर दुकानातल्यासारखी लागते. वेली म्हाताऱ्या झाल्या."

"अरे, मी साखर घातली! सहा किलो! आज सकाळी!"

तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "आणि आजोबा कधी उतरले म्हणालास?"

"घातली हो, भावोजी," देओलिंदा म्हणाली. "माझ्यासमोर घातली."

"चाळीस वर्षं याच्याबरोबर राहून तुम्हालाही लागली वाटतं सवय!"

"ऑक्टोबरपर्यंत थांब. नवी द्राक्षं काढतो, तूच चाखून बघ."

"ऑक्टोबरात मी तिकडे सिमेंट कालवत असेन, दादा." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. तुला वाईट वाटतंय, कळतंय मला."

सोमवारी त्याने सही केली. मीही केली. पॉप्लर वेलींसकट पाडले.

पिंपातलं कोणी प्यायलं नाही. हिवाळ्यात त्याचं व्हिनेगर झालं, आणि देओलिंदा ते भाजलेल्या ढोबळी मिरचीवर शिंपडू लागली.

पुढच्या ऑगस्टात आदेलिनू पुन्हा जेवायला आला. खिडकीबाहेर निलगिरी कमरेइतकी झाली होती. मिरचीचा तुकडा तोंडात टाकला आणि त्याचा हात जबड्यावर गेला. चौथी तारली खाल्ली, पाचवी खाल्ली. मग हळूच विचारलं, "दादा, हे आंबट कुठलं?"

देओलिंदा माझ्याकडे बघत होती.

"दुकानातलं," मी म्हणालो.

हे मात्र त्याला लगेच पटलं.